आठवडाभर उभी राहणारी गाडी: जुनी कन्व्हर्टिबल निवडण्याचं एक प्रकरण

प्रकरण माझ्या मावसबहिणीचं आहे. ताई लेखापरीक्षक, वय पन्नाशीच्या जरा पुढे. रोजच्या कामासाठी घरात पाच आसनी गाडी आहे आणि ती राहणारच आहे. तिला हवी होती दुसरी: दोन आसनांची, छप्पर उघडणारी, हाताने गिअर टाकायची, फक्त सुट्टीच्या दिवशी बाहेर काढायची. नवी नको, कारण वर्षाकाठी चार-पाच हजार किलोमीटर चालवण्यासाठी नव्या गाडीच्या पहिल्या तीन वर्षांतली किमतीची घसरण सोसणं तिला पटत नव्हतं. भाऊजी सहा फुटांच्या वर, त्यात कमरेचं जुनं दुखणं. त्यांची अट एकच: "बसता आलं पाहिजे, आणि नंतर उठताही आलं पाहिजे." गाडी ठेवायला घराला लागून बंद गॅरेज होतं, ही मोठी जमेची बाजू. उघड्यावर राहणार असती तर कापडी छपराच्या गाडीचा विषय मी तिथेच संपवला असता.

मी जुन्या गाड्या लोकांना तपासून देतो, विकत नाही. या प्रकारच्या खरेदीत बहुतेकांचं लक्ष गाडी पळते कशी याकडे असतं. खरं तर ती आठवड्याचे सहा दिवस उभी राहणार असते, कधी सलग महिनाभर. म्हणून उभं राहणं तिला किती मानवतं, आणि आधीच्या मालकाकडे ती किती काळ उभी होती, यावर सगळं ठरतं. ताईची निवडही शेवटी याच मुद्द्यावर फिरली.

पैशांची वाटणी

ताईने बाजूला काढलेली एकूण रक्कम शंभर भाग धरू. माझी पहिली सूचना अशी की त्यातले पंच्याहत्तरपेक्षा जास्त भाग विकणाऱ्याला द्यायचे नाहीत. उरलेले पंचवीस पहिल्या वर्षाच्या कामांसाठी. जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना महाग असलेल्या गाडीचा क्लच, ब्रेकच्या डिस्क, छपराचा पंप हे वीस वर्षांनंतरही महाग गाडीचेच भाग असतात, आणि मजुरीही त्याच दर्जाची लागते. ताईला हे समजावायला वेळ लागला नाही. तिच्या भाषेत ही तरतूद होती, आणि तरतुदीशिवाय ताळेबंदावर ती सही करत नाही.

यादी करण्याआधी तिला एक दिवस उघडी गाडी भाड्याने घेऊन चालवायला लावली. हे प्रत्येकाला सांगतो, ऐकणारे थोडे. डोक्यावरचं ऊन, मोठ्या रस्त्यावर वेग वाढला की शेजारच्याचं बोलणं ऐकू न येणं, सिग्नलला ट्रकच्या धुराड्याशेजारी नाक नेमकं त्याच उंचीवर असणं, या गोष्टी फोटोत दिसत नाहीत. एक दिवसात ज्यांची हौस फिटते त्यांचे पुष्कळ पैसे वाचतात. ताईची फिटली नाही. तिने परत येऊन फक्त मानेमागून येणाऱ्या वाऱ्याबद्दल विचारलं. त्याला दोन सीटच्या मागे उभी करायची जाळी मिळते आणि तिने बराच फरक पडतो.

यादीतून काय गळलं

आज जुन्या बाजारात निवडायला एवढ्या उघड्या गाड्या आहेत, त्याचं श्रेय बऱ्याच अंशी माझदाला जातं. ब्रिटिश धर्तीच्या छोट्या रोडस्टर, म्हणजे दोन आसनी उघड्या गाड्या, ऐंशीच्या दशकात जवळपास संपल्या होत्या. त्यातल्या एमजीबीचं उत्पादन १९८० मध्येच थांबलं. १९८९ मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली, ती तुफान खपली, आणि मग इतरांना हा बाजार दिसला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बीएमडब्ल्यूची झेड३, मर्सिडीजची एसएलके आणि पोर्शची बॉक्स्टर एकामागोमाग आल्या. १९९९ मध्ये होंडा एस२००० आणि टोयोटाची तिसऱ्या पिढीची एमआर२ आली.

होंडा एस२००० ताईच्या मनात होती. दोन लिटरचं इंजिन नऊ हजार आरपीएमच्या आसपास फिरतं, आणि ते वरच्या टप्प्यात गेल्यावर जे होतं ते दुसऱ्या गाडीत क्वचितच मिळतं. पण २००९ मध्ये उत्पादन थांबल्यावर ती संग्राहकांच्या हाती गेली. बरी गाडी शंभर भागांत येत नव्हती, येत होती ती बरी नव्हती. एमआर२ ला सामान ठेवायला जागा नावापुरती, दोघांच्या दोन रात्रींच्या पिशव्याही नीट बसत नाहीत. एसएलकेचं घडी होणारं पोलादी छप्पर बंद गाडीसारखं शांत आणि सुरक्षित वाटतं, पण ते उघडलं की डिकी निम्म्याहून जास्त जाते, आणि त्या घडीमागे असलेलं हायड्रॉलिक सिलिंडरांचं जाळं वय झालं की सीलमधून तेल सोडायला लागतं. शिवाय हाताच्या गिअरची मिळणं अवघड. पहिल्या पिढीची एमएक्स-५, ती बॉनेटमधून वर येणाऱ्या दिव्यांची, माझी लाडकी आहे. वजन हजार किलोच्या आत आणि इंजिनात बिघडण्यासारखं फार काही नाही. पण छप्पर लावल्यावर भाऊजींचं डोकं कापडाला टेकत होतं, आणि दरवाजांखालच्या पट्ट्यांतला गंज हा त्या गाडीचा कायमचा उद्योग आहे. ती छंद म्हणून घ्यावी, शनिवारी किल्ली फिरवून निघायला नाही.

उरल्या तीन: बॉक्स्टर, बीएमडब्ल्यू झेड४ आणि तिसऱ्या पिढीची एमएक्स-५.

बॉक्स्टर

ही ताईची गाडी होती. म्हणजे व्हायला हवी होती. २००२ ची, ९८६ या पहिल्या मालिकेतली, २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, म्हणजे सिलिंडर आडवे असलेलं, तेही सीटच्या मागे. मीटरवर फक्त ३८ हजार किलोमीटर. रंगाला ओरखडा नाही, सीटचं चामडं नव्यासारखं, मागणी साठ भागांची. इंजिन मध्ये असल्यामुळे पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्या. भाऊजी आत बसले आणि म्हणाले, "हे जमतंय." ताईने किल्ली फिरवली, मागून तो घोगरा आवाज आला, आणि तिचा चेहरा बघून मला कळलं की आता आपल्याला वाईटपणा घ्यावा लागणार.

इंजिन थंड असताना बघायचंय, असं मी विक्रेत्याला आधी कळवलं होतं. पोचल्यावर एक्झॉस्टच्या नळीला हात लावला तर ती कोमट. "धुवायला जरा बाहेर काढली होती," तो म्हणाला. असेलही. पण थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत जे ऐकू येतं, म्हणजे साखळीचा खडखडाट, निळसर धूर, अडखळणं, ते गरम झाल्यावर लपतं. ती संधी गेली होती. तसा बॉक्सर इंजिनात थंड सुरुवातीला थोडा धूर दिसणं नवं नाही. आडव्या सिलिंडरांत तेल साचतं. तो दिसला असता तर मला उलट बरं वाटलं असतं.

मग टायर. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरवर १४११ होतं, म्हणजे २०११ चा चौदावा आठवडा. खाचा भरपूर होत्या, कारण गाडी चाललीच नव्हती, पण रबर कडक झालेलं आणि बाजूला बारीक तडे. अनेक टायर कंपन्या दहा वर्षांनंतर खाच कितीही उरली असली तरी टायर बदला म्हणतात. हे टायर त्या मर्यादेपलीकडे गेले होते, आणि ताकद मागच्या चाकांना मिळणाऱ्या हलक्या गाडीत ओल्या वळणावर ते काय करतील हे मला बघायचं नव्हतं.

कागदांत पहिली दहा वर्षं शिक्के व्यवस्थित होते. मग मोकळी पानं. विक्रेत्याचं म्हणणं, "गाडी चाललीच नाही, मग सर्व्हिसिंग कशाला?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर थोडं लिहायलाच हवं.

ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं, गाडी चालो वा न चालो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. ओल शोषलेलं तेल लवकर उकळतं आणि आतून सिलिंडर गंजवतं. एसीच्या कॉम्प्रेसरचं सील ओलं राहतं ते आतलं तेल फिरल्यामुळे. महिनोन्‌महिने बंद असलेला एसी याच कारणाने गळायला लागतो. पेट्रोल जुनं झालं की चिकट गाळ धरतं, इथेनॉल मिसळलेलं असेल तर पाणीही ओढतं. बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. डिस्कवर गंज चढतो. कधी क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. आणि अधूनमधून दहा मिनिटं नुसतं इंजिन चालू करून बंद करणारे मालक स्वतःला काळजीवाहू समजतात, पण तेवढ्यात तेल पुरेसं तापत नाही. ज्वलनातून आलेलं पाणी तेलातच राहतं. एकूण काय, ३८ हजार किलोमीटर हा आकडा इंजिनाच्या झिजेबद्दल चांगली बातमी देतो आणि बाकी जवळजवळ प्रत्येक भागाबद्दल वाईट.

पुढच्या बंपरच्या दोन्ही जाळ्यांत टॉर्च मारला. या गाडीचे रेडिएटर इंजिनापासून लांब, पुढे दोन्ही बाजूंना आहेत, आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. मधल्या फटीत पानांचा ओलसर लगदा बसला होता. तो तसाच राहिला की धातू खात जातो.

आता मुख्य गोष्ट. या पिढीच्या बॉक्स्टरबद्दल वाचणारा प्रत्येक जण एका बेअरिंगपाशी येऊन थांबतो, आणि थांबावंच. कॅमशाफ्टच्या साखळ्यांना गती देणारा एक मधला दांडा इंजिनात आहे. त्याच्या एका टोकाला बंदिस्त बॉल बेअरिंग. त्याच्या सीलमधून हळूहळू इंजिनचं तेल आत झिरपतं, मूळ ग्रीस धुऊन जातं, आणि मग बेअरिंगचं आयुष्य त्या तेलाच्या दर्जावर अवलंबून राहतं. ते तुटलं तर साखळीचं वेळापत्रक बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि विषय दुरुस्तीचा न राहता नव्या इंजिनाचा होतो. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं बेअरिंग होतं. शतकाच्या वळणावर एकेरी रांगेचं आलं आणि तेच जास्त नाजूक ठरलं. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या मॉडेलांवरून ग्राहकांचा सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. २००९ च्या मॉडेलपासून पोर्शने नवं इंजिन आणलं, त्यात हा दांडाच नाही.

बहुसंख्य गाड्यांत हे बेअरिंग आयुष्यभर टिकतं, हेही सांगायला हवं. भीतीचा बाजार मोठा आहे आणि त्यावर पोट भरणारेही आहेत. पण या इंजिनांवर वर्षानुवर्षं काम करणारे मेकॅनिक एक गोष्ट सांगतात, आणि वरच्या कारणमीमांसेशी ती जुळते: नियमित चाललेल्या, वेळेवर तेल बदललेल्या गाड्या याबाबतीत बऱ्या, गॅरेजात झाकून ठेवलेल्या, ओल धरलेल्या जुन्या तेलात पडून राहिलेल्या गाड्यांबद्दल त्यांना जास्त धास्ती. आमच्यापुढची गाडी नेमकी दुसऱ्या प्रकारची होती. बेअरिंग बदलल्याचा कागद नव्हता.

या दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मग त्याच वेळी क्लच आणि मागचं मुख्य ऑइल सील करून घेणंच शहाणपणाचं. मेकॅनिकचा अंदाज घेतला: हे काम सोळा भाग, टायर सहा, सगळी तेलं, रबरी नळ्या, एसी मिळून आठ, छपराची मागची प्लास्टिकची खिडकी, जी पिवळी पडून घडीवर चिरली होती, चार. साठात हे चौतीस मिळवले की चौऱ्याण्णव. हातात सहा भाग शिल्लक, आणि इंजिन आतून कसं आहे हे अजून कुणालाच माहीत नाही.

झेड४

ही लवकर आटपतो, कारण ती आमच्याकडून लवकरच सुटली. २००६ ची, पहिल्या मालिकेतली, मागणी सत्तर भाग. लांब नाक, सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, आणि बटणावर काही सेकंदांत मिटणारं कापडी छप्पर. आत जागा चांगली. भाऊजींना बसायला आवडली, चालत्या गाडीत आवडली नाही. रन-फ्लॅट टायरच्या बाजू पंक्चर झाल्यावरही वजन पेलतील इतक्या ताठ असतात, आणि तो ताठपणा खड्ड्यागणिक कमरेपर्यंत पोचतो. साधे टायर लावून हे बरंच सुधारतं, पण मग स्टेपनी नसल्यामुळे पंक्चरच्या किटवर विसंबावं लागतं.

अडलं ते वेगळ्याच जागी. कुठल्याही कापडी छपराच्या गाडीत पाणी पूर्ण अडवलं जात नाही. कडांवरून येणारं पाणी सीटच्या मागच्या पन्हळीत गोळा होतं आणि नळ्यांतून गाडीखाली जातं. त्या नळ्यांत पानं, धूळ, शेवाळ बसलं की पाणी आत तुंबतं. पहिल्या मालिकेच्या झेड४ मध्ये छपराची मोटर नेमकी त्या खड्ड्याच्या तळाशी आहे. नळी तुंबली की मोटर बुडते. बॉक्स्टरमध्ये अशाच तुंबलेल्या पाण्याने सीटखालचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल भिजतं आणि गाडी सुरू होणंच थांबतं. म्हणून मी छप्पर लावून कडांवर झारीने पाणी सोडतो, दोन्ही पन्हळींत थोडं ओततो, आणि खाली वाकून ते किती वेळात बाहेर येतं ते बघतो. विक्रेत्याने पाणी ओतू दिलं नाही. "धुतलेल्या गाडीवर आता परत पाणी कशाला?" ताईने विचारपूस सुरू केली, मी तिला निघू या म्हणालो. नळ्या कदाचित स्वच्छ असतील. पण उघड्या गाडीच्या विक्रेत्याला पाण्याची भीती वाटत असेल तर त्या भीतीचं कारण शोधत बसायची मला गरज वाटत नाही.

एमएक्स-५

उघडी गाडी कुठली घेऊ, असं जगात कुणालाही विचारा, पहिलं नाव एमएक्स-५ चं येतं. या उत्तराचा मला थोडा कंटाळा आहे. विचार न करता दिलेलं उत्तर बरोबर असलं तरी ते विचार न करताच दिलेलं असतं. त्यामुळे या गाडीकडे मी जरा जास्तच संशयाने बघायला गेलो.

२०१० ची, दोन लिटरची, सहा गिअर, कापडी छप्पर, मीटरवर एक लाख बारा हजार. मागणी बहात्तर भाग. ताई पायरीवरच थबकली. "अरे, तिप्पट चाललेली, आणि बॉक्स्टरपेक्षा महाग?" बॉनेटवर दगडांचे टवके, चालकाच्या सीटची बाहेरची कड झिजलेली, स्टिअरिंग घासून गुळगुळीत. फोटोत ही गाडी कुणी उघडूनही बघितली नसती.

मालक ती वर्षभर, प्रत्येक आठवड्याला चालवत होता. कागदांची जाड फाइल: तेल दरवर्षी, ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी, टायर तीन वर्षांपूर्वीचे, चारही एकाच कंपनीचे आणि एकाच तारखेच्या आसपासचे. हे शेवटचं छोटं वाटतं, पण त्यातून मालकाचा स्वभाव कळतो. चार चाकांना चार कंपन्यांचे टायर लावणारा माणूस जिथे दिसत नाही तिथे काय करत असेल?

इंजिन गार होतं. किल्ली फिरवली, क्षणभर किंचित टकटक, मग स्थिर. या पिढीत टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ साधायला, बेल्टऐवजी साखळी आहे, म्हणजे ठरावीक वर्षांनी बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. आधीच्या दोन पिढ्यांत तो आहे, आणि कमी चाललेल्या गाड्यांत तो हमखास विसरलेला सापडतो, कारण बेल्ट किलोमीटरइतकाच वर्षांनीही जुना होतो आणि लोक फक्त किलोमीटर मोजतात. पाण्याची टाकी या पिढीत तडकते म्हणतात. ती बदललेली होती, बिल फाइलमध्ये.

छप्पर हाताने उघडायचं. मध्ये एकच कडी, ती सोडली की बसल्या जागेवरून मागे ढकलता येतं. मोटर नाही, पंप नाही, सिलिंडर नाही. मागची काच खरी काच, गरम होणारी. याच पिढीत बटणावर मिटणारं कडक छपरही मिळतं. ते कापडी छपरापेक्षा फक्त सदतीस किलोच्या आसपास जड आहे आणि डिकीची जागा खात नाही, त्यामुळे गाडी उघड्यावर ठेवणाऱ्याला मी तेच सुचवेन. बंद गॅरेज असताना कापड पुरेसं. कडी दोन्ही बाजूंनी सारखी बसते का हेही बघितलं. छप्पर एका बाजूला ओढून लावावं लागत असेल तर पुढच्या काचेची चौकट कधीतरी हललेली असते, आणि ती सहज हलत नाही. रंगाची जाडी मोजणारं यंत्र सगळीकडे शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या दरम्यान आकडे देत होतं, मागच्या एका चाकावरच्या पत्र्याव्यतिरिक्त. तिथे तीनशेच्या वर. मालक आपणहून म्हणाला, "पार्किंगमध्ये घासली होती, बिल आहे." होतं.

पाण्याला त्याने हरकत घेतली नाही, उलट झारी आणून दिली. सीटच्या मागचा गालिचा उचलून हाताने चाचपला, कोरडा. खालच्या पट्ट्या आणि मागच्या चाकांच्या कमानी बोटांनी दाबून पाहिल्या. एका ठिकाणी रंगाखाली फुगवटा होता, तो नोंदवला.

मग रस्ता. छत कापलेल्या गाडीचा सांगाडा थोडा पिळतोच, प्रश्न किती हा असतो. खराब रस्त्यावर छप्पर उघडं ठेवून आतल्या आरशाकडे बघायचं: प्रतिमा थरथरते का, दरवाजाच्या काचा खडखडतात का. मग डॅशबोर्ड आणि काचेच्या खांबाच्या सांध्यावर बोट ठेवायचं, हालचाल बोटाला कळते. इथे थोडी होती, वयाला साजेशी. मग तोच रस्ता छप्पर लावून. हे बहुतेक जण करतच नाहीत, पण ऊन, पाऊस, थंडी, लांबचा प्रवास धरला तर उघड्या गाडीत छप्पर बरंच लागतं. मागचं कोपऱ्यातलं दिसणं कमी होतं, आवाज वाढतो. ताईला चाललं.

भाऊजींचं अवघड होतं. या पिढीत स्टिअरिंग वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही. ती सोय एमएक्स-५ मध्ये पुढच्या पिढीच्या २०१८ च्या सुधारणेपर्यंत आलीच नाही. शेजारच्या सीटवर ते ठीक बसले, चालकाच्या जागी गुडघे वर आणि नजर काचेच्या वरच्या चौकटीला टेकलेली. यावर उंच मालकांचा एक जुना उपाय आहे: सीटच्या फोमचा एक थर कापून बसण्याची उंची दोन-एक सेंटिमीटर उतरवायची. मालकाने करू दिलं नसतं, पण खाली बसल्यावर किती फरक पडेल याचा अंदाज घेता आला. उठण्यासाठी त्यांनी स्वतःच पद्धत काढली: आधी दोन्ही पाय बाहेर, मग चौकटीला धरून.

ताईचा आक्षेप

घरी आल्यावर तिने दोन तास बॉक्स्टरची बाजू मांडली. आवाज, जागा, दोन डिक्या, सहा सिलिंडर, आणि साठ भाग. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गाडी म्हणून बॉक्स्टर वरच्या वर्गातली आहे, आणि बेअरिंग बदलल्याचा कागद असलेली, दर आठवड्याला चाललेली ९८६ समोर असती तर मीच तिला ती घ्यायला सांगितलं असतं, किलोमीटर एक लाखाच्या वर असले तरी. आमचा प्रश्न कंपनीचा नव्हता, त्या एका गाडीने घालवलेल्या वर्षांचा होता.

मी म्हणालो, "ताई, तूही हिला उभीच ठेवणार आहेस. दहा वर्षं उभी राहिलेली गाडी घेऊन पुढची दहा वर्षं परत उभी."

तिने कागद पुढे ओढला. चौऱ्याण्णवच्या पुढे इंजिनाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं. मी म्हणालो, शून्यही असेल किंवा पन्नासही. "म्हणजे दायित्व आहे, पण किती ते माहीत नाही," ती म्हणाली, आणि बॉक्स्टरच्या नावावर रेघ मारली. भाऊजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मला कुठलीही चालेल. फक्त मेकॅनिककडे सोडायला-आणायला मला पाठवू नका."

व्यवहार आणि त्यानंतर

फुगवटा आणि पुढच्या ब्रेकपॅडची झीज दाखवून सौदा एकोणसत्तर भागांत ठरला. मालक फार घासाघीस करणाऱ्यातला नव्हता आणि आम्हीही केली नाही. फाइलची किंमत होती ती. हातात एकतीस भाग राहिले. त्यातून पहिल्याच महिन्यात सगळी तेलं, ब्रेकपॅड, गंजाची जागा खरवडून रंग, खाली गंजरोधक थर, सीटचा फोम आणि वाऱ्याची जाळी एवढं झालं. सगळं मिळून नऊ भाग.

गॅरेजात गाडी ठेवण्याचे नियम ताईने कपाटाच्या दारावर चिकटवलेत. बॅटरीला देखभाल चार्जर कायम जोडलेला. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, म्हणजे टायरला एका जागी सपाटी धरत नाही. लांब काळ ठेवायची असेल तर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये, चाकांना अडण्या. छप्पर नेहमी लावलेलं, कारण घडीत राहिलेलं कापड घडीवर चिरतं, आणि ओलं तर कधीच मिटायचं नाही. नुसतं सुरू करून बंद करायचं नाही; काढलीच तर निदान अर्धा तास, इंजिन पूर्ण तापेपर्यंत. पाण्याच्या नळ्या पानगळीनंतर लवचीक प्लास्टिकच्या दोरीने साफ, तारेने नाही. तार घातली की खालून नळीच सुटते आणि पाणी थेट सांगाड्यात जातं. यातला अर्ध्या तासाचा नियम पाळणं तिला सर्वांत सोपं जातं.

पहिल्या वर्षअखेरीला राखीव भागांतले वीस शिल्लक होते. पुढचा खर्च दिसतोय तो छपराचा: डाव्या बाजूला जिथे चौकट कापडाला घासते तिथे शिवण सैल झालीय. आतून पट्टी लावून दोन-तीन वर्षं निघतील. पूर्ण बदलायचं झालं तर काच कापडाला चिकटवलेली असल्यामुळे काचेसकटच घ्यावं लागेल, आणि त्यात रेक्झिन की कापड हा वाद आहे. रेक्झिन स्वस्त आणि पुसायला सोपं, कापड मिटायला मऊ आणि आतून शांत. मी कापड म्हणतो. ताईने दोन्हींचे दर मागवलेत.